मामीची गाडी, मामांच्या नावावर

उभ्या इंदापूर तालुक्यात मागच्या सीटवर बसावं ते माझ्या मामांनीच. गाडी चालवायला शिकलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण बसायला शिकलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मामा बावड्याचे. सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून झाली, आणि कंडक्टरनं चाकाला हात लावायचा नसतो हा नियम त्यांनी घरी सायकललासुद्धा लावला. चालवायचं खातं मामीकडं. मामी सरकारी नर्स. वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळांना लस टोचायची, बाळंतिणींची चौकशी करायची, म्हणून तिनं स्कूटर घेतली, स्वतःच्या नावावर घेतली. मामा निवृत्त झाले ते दुसऱ्या दिवशी लशींचा डबा मांडीवर घेऊन तिच्या मागं बसले ते कायमचेच. बसले म्हणजे गप्प बसले असं नाही. मामीच्या खांद्यावर एक टिचकी मारली की थांब, दोन मारल्या की चल. वळणावर उसाची ट्रॉली दिसली की यांचा हात बाहेर, रस्ता फुटलेला दिसला की "खड्डाऽ!" अशी आरोळी. मामी एकदा वैतागून म्हणाली, "अवो, मी बघती हाय न्हवं?" त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "तुझं बघणं म्होरचं. माझं चौफेर." गंमत अशी की सुई टोचायची मामी, पण डबा दिसायचा मामांच्या हातात. त्यामुळं पोरांच्या लेखी खरा कसाई हाच. एखाद्या लग्नाच्या मांडवात मामा नुसते पाणी प्यायला उठले तरी कुठलं तरी कार्टं भोकाड पसरायचं.

बायकोच्या मागं बसणाऱ्या पुरुषाला गाव सोडतं होय? पारावरून कुणी तरी हमखास विचारायचं, "काय तात्या, आज बी मागंच?" मामा खाली उतरून, डबा नीट सांभाळत, त्या माणसाला समजावून सांगायचे. "इमानात बसलास कधी? न्हाय ना? मी बी न्हाय. पर बसलो तर पायलट बाप्या हाय का बाई, हे इचारनार न्हाय. चालवता येतंय का, येवढंच बघीन." एवढं बोलून दोन टिचक्या. मामी हसत गाडी पुढं काढायची.

मग मामी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. स्कूटर पडवीत उभी राहिली. मामा रोज सकाळी ती पुसायचे, आणि मुलाची बायको ती चालू करून पुन्हा बंद करायची, इंजिन धरू नये म्हणून. मुलगा चाकणला कारखान्यात. घरात हे दोघंच. विम्याची मुदत संपत आली तेव्हा ध्यानात आलं की गाडी अजून मामीच्याच नावावर आहे. मी बारामतीत राहतो, आरटीओचं ऑफिसही तिथंच, म्हणून हे काम आपोआप माझ्याकडं आलं. मी फोन केला, "मामा, गाडी तुमच्या नावावर करून घेऊ." पलीकडून उत्तर आलं, "कशाला? तिची हाय ती." मी वारसा, कायदा, अपघात, सगळं सांगून पाहिलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय, पर तिचीच हाय." असं किती तरी महिने चाललं.

मधल्या काळात सुनेला इंदापुरात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. पोरगी गुणाची, पण अबोल. जाताना-येताना एस.टी.च्या वेळा जमेनात, संध्याकाळी घरी यायला अंधार पडायचा, तरी पडवीतल्या गाडीकडं बघून तिनं एक शब्द काढला नाही. मामांनी हे चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी पहिल्या एस.टी.नं बारामतीला येऊन माझ्या दारात उभे राहिले. हातात पिशवी, पिशवीत मृत्यूचा दाखला, आरसी बुक, मुलाचं संमतीपत्र. "चल," म्हणाले.

आरटीओच्या खिडकीपलीकडच्या बाई तरुण होत्या, स्वभावानं बऱ्या. कागद बघत त्यांनी विचारलं, "आजोबा, गाडी चालवता येते का?"

"न्हाय," मामा म्हणाले. "मला बसता येतं."

बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि अर्ज पुढं सरकवला. मामांनी कंडक्टरी अक्षरात, घट्ट दाबून, मूळ मालकाच्या रकान्यात मामीचं नाव लिहिलं. नावाआधी 'सौ.' लिहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, इथं सौ. नाही लिहायचं. कै. लिहा."

"आमच्यात कालकथित म्हनत्यात," मामा म्हणाले.

"बरं, तसं लिहा."

मामांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मागं रांग खोळंबली होती. मग ते वर बघून म्हणाले, "बाई, सौ. ऱ्हाऊ द्या की. मी हाय न्हवं अजून?"

बाईंनी तो अर्ज बाजूला ठेवला, दुसरा कोरा काढून दिला आणि म्हणाल्या, "नुसतं नाव लिहा. पुढं काहीच नको." मामांनी नुसतं नाव लिहिलं.

अशी गाडी मामांच्या नावावर झाली, आणि थोड्या दिवसांसाठी का होईना, मामा मालक झाले. तो थाट बघण्यासारखा होता. घरी आलेल्या प्रत्येकाला पाण्याआधी माहिती मिळायची, "सध्या माझ्या नावावर हाय." कुणी सीटवर पिशवी ठेवली की, "मालकाला इचारलं का?" मला म्हणाले, फोटो काढ. मी मोबाईल काढला, तर हे आपसूक मागच्या सीटवर बसले, पाठ ताठ, हात मांडीवर, पुढची सीट रिकामी. "मामा, पुढं सरका की," मी म्हणालो. "काढ तू," ते म्हणाले. मी काढला.

आरसीचं नवीन कार्ड हातात पडलं आणि मामा सुनेला घेऊन पुन्हा बारामतीला हजर. आता सुनेच्या नावावर करायची होती. ऑफिसबाहेरचा एजंट हात जोडून म्हणाला, "आजोबा, राहू द्या तुमच्याच नावावर. सूनबाई चालवतीलच की. पुन्हा सगळा खटाटोप कशाला?" मलाही तेच वाटत होतं. मामा मला बाजूला घेऊन गेले. "गाडी सासऱ्याची असली का पोरगी रोज इचारनार, तात्या, नेऊ का? मी व्हय म्हननार. पर इचारावं लागंल ना? तुझी मामी कधी इचारून भाईर पडली न्हाय." मग पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या. सून सही करताना दोनदा थबकली. मामा म्हणाले, "कर गं. घाबरू नको." परतताना सगळ्या वाटेवर ते कागदांचं पाकीट तिनं पिशवीत न ठेवता हातातच धरलं होतं.

परवा कामानिमित्त बावड्याला गेलो होतो. दुपारभर मामांशी गप्पा झाल्या. दिवस कलला, मी निघतो म्हणालो, ते "च्या घिऊन जा" म्हणत आत वळले. तेवढ्यात फाट्याकडून स्कूटरचा आवाज आला. मामा चटकन मागं फिरले. चेहरा असा उजळला की मीसुद्धा क्षणभर रस्त्याकडं बघितलं. आवाज जवळ आला, मामा दारातच थांबले, उपरणं नीट केलं. मग सावकाश पायऱ्या उतरून गेले आणि सुनेसाठी फाटक सताड उघडून उभे राहिले.