चार मिनिटांची पाळी

वडीगोद्रीला एसटीतून उतरले, तेव्हा गाडीला सतरा मिनिटं उशीर झाला होता. वेळेच्या बाबतीत मी खडूस आहे. घरचे टिंगल करतात, पण मोबाइलात वेळ बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

जायचं होतं जांब समर्थला. वाटेत तीर्थपुरीजवळ विष्णूच्या शेतावर मुक्काम. तो शिकायला पुण्यात आमच्या शेजारी राहायचा, आता मोसंबीची बाग करतो.

भाकरी, ठेचा, वर दही. जेवण झकास झालं. घर मात्र गप्प होतं. विष्णू आणि त्याचा धाकटा भाऊ गणेश दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. विहीर एक, मोटार एक. बारापर्यंत थोरल्याची पाळी (पाणी घेण्याची ठरलेली वेळ), बारानंतर धाकट्याची.

"रोज चार मिनिटं आधीच पाणी वळवून घेतो, ताई," विष्णू म्हणाला. "ऐन उन्हाळ्यात! आता विहीरच वाटून घ्यायची."

मला वाईट वाटलं. दुपारी मीही विहिरीवर गेले. गणेश आला, हातात जुना बटणांचा फोन.

"बारा वाजले," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

विष्णूच्या मोबाइलात अकरा छप्पन्न. माझ्याही. मी हुरूपानं समजावलं, की आमचे फोन नेटवर्कवरून आपोआप वेळ घेतात. त्या साध्या फोनवर ती हातानं लावावी लागते.

गणेशचा चेहरा उतरला. "मी काय चोरी करून राह्यलो का? अप्पाचा फोन हाय, आमच्या वडलांचा. ते गेल्यापासून याच्यावरच पाळी धरतो."

सावलीत बसलेली त्यांची आई म्हणाली, "त्यायनी मुद्दाम घड्याळ पुढं ठेवल्तं. एकदा एसटी हुकली, मंग पुन्हा कधी हुकू दिली न्हाई."

मी तो फोन वेळ नीट लावायला घेतला. विष्णूनं हात धरला.

"राहू द्या, ताई. माझाच चार मिनिटं पुढं करा. अप्पाच्या बराबर."

त्याच्या फोनची आपोआप वेळ घेण्याची सोय बंद करून मी आयुष्यात पहिल्यांदा बरोबर घड्याळ चुकीचं लावलं. विष्णूनं ते निरखून पाहिलं.

"गण्या, वळव पाणी. बारा वाजले."

गणेशला पाणी वळवायला जरा वेळच लागला. डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी जांबला दर्शन झालं. परतीच्या एसटीसाठी गणेशनं मोटारसायकलवरून वडीगोद्रीला सोडलं, अर्थातच वेळेआधी.

पुण्यात माझा मोबाइल अजून काटेकोर चालतो. पण त्यात अकरा छप्पन्न झाले, की मी हातातलं काम थांबवते. तिकडे बारा वाजलेले असतात.