रुंद चाक, अरुंद चिमटा

सायकलीविषयी लिहिणारा मी कोण, असं अजूनही वाटतं. मला ती धड खोलता येत नाही, आणि ज्या कारागिराविषयी लिहितोय त्याच्याबद्दल मी बरंच वाईट मनात आणलं होतं. त्याची क्षमा आधीच मागतो.

मुरबाडच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी. पहिली एसटी पोचेपर्यंत सकाळचं प्रॅक्टिकल सुरू झालेलं असे. बाबांच्या जड काळ्या सायकलीवरून निघालो, तर चढावर उतरून ढकलावी लागे. उशीर झाला की सर आत घेत नसत. आणखी दोन प्रॅक्टिकलं चुकली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

अशात आसनगावच्या आतेभावाची गिअरची सायकल टेम्पोखाली आली. फ्रेम चेपली, पण गिअरच्या पाच दातेरी चकत्यांचं मागचं चाक शाबूत राहिलं. बाबांच्या सायकलीला बसलं तर चढ न उतरता चढता येईल, म्हणून ते त्यानं मला दिलं. चाक आणि बाबांची सायकल घेऊन मी मुरबाडच्या दुकानात गेलो. प्रॅक्टिकलचं सगळं सांगितलं.

कारागिरानं चाक फ्रेमच्या मागच्या चिमट्यात, चाक बसतं त्या दोन दांड्यांमध्ये, धरून बघितलं. आत जाईना.

"थोडा फाकवा की, काका."

"फाकवीन रे. मग चेन तिरकी पळंल, आनी एक दिवस चढावरच फ्रेम तडकंल. ही एका चकतीसाठी केलेली हाय. चाक ठेव हितं. जुळती फ्रेम बघतो."

ठेवून आलो आणि वाटेतच शंका आली. एवढं चांगलं चाक कोण उगाच सांभाळेल? पुढच्या आठवड्यात दुकान बंद. त्यानंतर गेलो तर चाक दिसेना.

"शहापूरला हाय. तिथला दुकानवाला जुन्या फ्रेमींना लावून बघतोय," तो मान वर न करता म्हणाला. मला ते खोटंच वाटलं.

बाजाराच्या दिवशी मी स्टँडवर लोकांच्या सायकलींची मागची चाकं बघत फिरलो. एका लाल सायकलीपाशी उकिडवा बसून चकतीचे दाते मोजत होतो, तेवढ्यात मालक आला.

"काय डाक्टर, नाडी लागली का?"

सगळे हसले. चाक माझं नव्हतं. तरी लाजेच्या भरात बोलून गेलो, की सायकलवाल्यानं माझं चाक विकलं. चहाच्या टपरीसमोर बोललो. मुरबाडात तेवढं पुरे होतं.

मग दुकानाकडे जायचा धीर होईना. एक प्रॅक्टिकल चुकलं. आता आणखी एक चुकलं की परीक्षा गेली.

आणि एका संध्याकाळी एसटीच्या दारातून कंडक्टर ओरडला, "ए कॉलेजवाल्या! तुझ्या चाकाला फ्रेम गावली म्हणतो सायकलवाला. मागं रुंद हाय, चाक अलगद बसलं. पुढच्या प्रॅक्टिकलच्या आत घेऊन जा म्हणतो. आनी चाक तुझंच हाय का, ते आधी नीट तपासून घे, असंबी सांगितलंय."