बागेतला गारवा

ऐन मे महिन्यातही केळीच्या बागेत शिरलं की ओल्या मातीचा आणि चिकाचा तुरट वास अंगावर येतो, पानांतून गाळलेला हिरवा उजेड डोळ्यांना निववतो आणि बाहेरच्या भाजणाऱ्या रस्त्याचा विसर पडतो. आमच्याकडे हा गारवा पिढ्यान्‌पिढ्या खरा मानला गेला. तापलेला वारा केळीला करपवतो म्हणून बागेभोवती शेवरीची दाट भिंत वाढवायची, फट दिसली की हिरवी जाळी बांधायची. ही कामं मी वडिलांकडून शिकलो आणि फार निगुतीने करत आलो.

सुपडूनाना आमच्याकडे केळीचे घड वाहतात. त्या दिवशी ट्रक बांधावर उभा असताना नाना खांद्यावरचा घड उतरवून एकाएकी खाली बसले. घरी जा म्हटलं तर हसले.

"राहू द्या भाऊ. घरी पत्र्याखाली भाकर भाजाची हाये का? आठी बागेत सासुरवाडीसारखं गार हाये."

मलाही ते पटलं. सावली सर्वांत दाट होती तिथे मी स्वतः त्यांना निजवलं, उशाशी पाणी ठेवलं आणि ट्रक भरून घ्यायला गेलो.

परतलो तेव्हा ते उघड्या डोळ्यांनी, तिथे नसलेल्या बैलांना हाकत होते. त्यांच्या तापलेल्या कपाळाला लावलेला हात मी चटकन मागे घेतला. तेव्हा कुठे ध्यानात आलं, की बागेत एकही पान हलत नव्हतं. पाण्याने जडावलेली हवा ओल्या घोंगडीसारखी त्यांच्यावर पडून होती. तिच्यात घाम वाळणार कसा? केळीसाठी मी जो वारा अडवला होता, तो या माणसालाही मिळाला नव्हता. आणि भिंत तोडली तरी आत आली असती ती झळच.

भुसावळच्या दवाखान्यात नाना वाचले, पण मूत्रपिंडं थकली आहेत आणि बोलणं अजून जुळत नाही. तिथल्या टीव्हीवर कुठल्याशा परदेशातले मजूर डोक्यावर ओली फडकी घेऊन रस्त्याकडेला बसताना दिसत होते. त्यांची भाषा मला कळली नाही. त्यांचं ते अवचित खाली बसणं मात्र मी ओळखलं.

घरी सोडायच्या दिवशी नानांची बायको, वत्सलाअक्का, पदराने त्यांना वारा घालत म्हणाली, "डाक्टर म्हनतात, गार जागी ठेवा. भाऊ, अशी जागा कोठी हाये?"

आमच्या निजायच्या खोलीत एसी आहे. त्याची गरम हवा बाहेर मजुरांच्या गल्लीत जाते, हेही मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "आमच्याकडे आणा त्यांना."

अक्काने नकारार्थी मान हलवली. तिचा थोरला मुलगा आणि दोन्ही दीर त्या वेळी माझ्याच बागेत घड उतरवत होते.

"यायले न्या तुम्ही," ती सावकाश म्हणाली, "मंग बाकीच्यायचं कसं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती, आणि उत्तरासाठी माझ्याकडे पाहत राहिली.