पुढच्या मंगळवारची थाप

गोंदियाजवळच्या एका राईस मिलने माझी मुलाखत घ्यायला जेवढे दिवस लावले, तेवढ्यात मी बोदलकशाचा तलाव वाटीने उपसून पुन्हा भरला असता. पावसाच्या तोंडावर, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या दिवसात अर्ज केला आणि धान लोंबीवर आलं तरी मुलाखत होईना. जागा एकच होती. मिलमध्ये येणारं धान तपासून घ्यायची. ओलावा मोजायचं मशीन होतं, पण सेठजींचा भरवसा दातांवर. दाणा दाढेखाली धरायचा, कट् वाजला तर सुका, चिकटून बसला तर ओला.

पहिल्या खेपेला आम्ही शंभरेक जण होतो. मोजले असते तर अकरा भरले असते. मुनीमजींनी सगळ्यांचे अर्ज हरवले आणि आम्हालाच रागावले. दुसऱ्या खेपेला सेठजी रायपूरला लग्नाला गेलेले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या मेहुण्याने मुलाखत घेतली, पण ट्रक ड्रायव्हरच्या जागेची. मला विचारलं, घाटात गाडी उलटी घेता येते का. मी म्हणालो, डोळे बांधून. माझ्यानंतर केशोरीची एक मुलगी आत गेली. तिने सांगितलं, "मले बैलगाडी येते जी." आम्ही दोघंही पास झालो.

ती पहाटेच्या एसटीने केशोरीहून निघायची, अर्जुनीला रेल्वेगाडी धरायची आणि गोंदियाला उतरून ऑटोने मिलवर यायची. मी कामठ्याहून मोटरसायकलने, नाश्ता करून. तिच्या घरी मायलेकी दोघीच, ठेक्याच्या जमिनीवर धान लावायच्या आणि त्या जमिनीचा मालक यंदाच्या कापणीनंतर जमीन परत मागत होता.

"हे झालं तर बरं होईल," ती म्हणायची. एवढंच. माझं तसं काही नव्हतं. घरची शेती होती, दोन वेळचं होतं. फक्त बाप रोज अंगणात बसून विचारायचा, "काऊन रे, सायेब झाला का नाही अजून?" तेवढं बंद व्हावं म्हणून मला नोकरी हवी होती.

एकदा वरांड्यात वेळ जाईना म्हणून मुनीमजींनी सात पोत्यांतलं मूठमूठ धान आमच्यासमोर ठेवलं. तिने सातही मुठी ओल्या की सुक्या ते बरोबर सांगितलं, वर एका मुठीत जुनं धान मिसळलंय हेही सांगितलं. मी म्हणालो, मी तर दाण्याचा आवाज ऐकून तो कोणत्या बांधातला ते सांगतो. सगळे हसले. तीही हसली. पण जागा कोणाची, ते मला त्या दिवशी कळलं.

चौथी खेप, मंगळवारची. अकरातले आम्ही दोघंच उरलो होतो, बाकीचे कंटाळून गेले. मी पोचलो तर ती वरांड्यात फाईल मांडीवर घेऊन बसलेली. मुनीमजी कुठे दिसेनात. मी गंमत म्हणून सुरू केलं, देवाशपथ गंमत म्हणून.

"तुम्हाले कोणी सांगितलं नाही का? आज नाही होत."

"कायले?"

"सेठजीचे सासरे जिन्यावरून पडले. अख्खं घर नागपूरला गेलं, मुनीमजीही मागून गेले. आता पुढच्या मंगळवारी."

मी सासऱ्यांचं कंबरडं मोडलं, दोन पायऱ्याही मोडल्या. माझी कोणतीही थाप कामठ्यात चहा संपेपर्यंत टिकत नाही. पण इथे तीन वेळा असंच झालेलं, म्हणून ही टिकली.

ती उठली. "सांगितलं ते बरं केलं जी. नाहीतर दिवसभर बसून राहिली असती."

ती फाटकापर्यंत जाईल, मग हाक मारू, असं मी ठरवलं होतं. हाक तोंडात आलीही होती. तेवढ्यात ऑटो आला.

अर्ध्या तासाने सेठजी आले, मागोमाग मुनीमजी. "दूसरी कहाँ है?"

"आई नहीं," मुनीमजी म्हणाले.

"जो टाइम पे नहीं आया, वो धान क्या देखेगा." हे ते सेठजी, ज्यांनी आम्हाला एक अख्खं पीक ताटकळवलं.

त्यांनी माझ्यासमोर तीन मुठी ठेवल्या. दोन बरोबर सांगितल्या. तिसरी चुकली, पण इतक्या रुबाबात चुकलो की सेठजींनाच आपल्या पोत्यावर शंका आली. सोमवारी कामावर रुजू झालो. बापाने अंगणात विचारणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. ती आली. मीच दिलेली तारीख, मीच विसरलो होतो. फाटकाजवळच्या टेबलावर मला पाहून तिला आनंद झाला.

"तुमचं झालं वाटते भाऊ?"

"सेठजी मधातच आले. घरून बोलावून घेतलं मले," मी म्हणालो.

"यांचं असंच राहते," ती म्हणाली. तिने माझा रागही केला नाही. दुसरी काही जागा आहे का विचारायला ती मुनीमजींच्या खिडकीशी गेली. खिडकी माझ्या टेबलापासून चार हातांवर.

मुनीमजींनी वही उघडली. "तुम पिछले मंगल को क्यों नहीं आई?"

"आली होती जी."

"आती तो मिलती ना."

"या भाऊंले विचारा," ती माझ्याकडे वळली. "आमी दोघंच होतो. सांगा ना भाऊ, मी आली होती का नाही?"

म्हशीएवढा मासा मी बोदलकशातून गळाने काढलाय, वाघाला बांधावरून हटकलंय, हे सगळं न अडखळता सांगणारा मी. आता फक्त 'हो' म्हणायचं होतं. मग मुनीमजी विचारणार, आली तर परत का गेली? आणि जागा तिची होणार.

"गर्दी होती," मी म्हणालो. "ध्यानात नाही."

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात छोटी थाप. रंगवलीही नाही.

मुनीमजींनी वही मिटली.  ती माझ्या टेबलासमोर आली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"अर्जुनीची गाडी किती वाजता आहे?" तिने विचारलं. "तेवढं तरी खरं सांगा."

मी खरी वेळ सांगितली. फाटकावर थांबून तिने चौकीदारालाही विचारून घेतलं.