भीमरावांची भरपूर थंडी

बदलापूर गावात थंडी कधी पडणार हे दोघांनाच ठाऊक असायचं. एक आभाळाला आणि दुसरं भीमराव रोकड्यांना. त्यातलं आभाळ आधी काही बोलून दाखवत नसे.

भीमराव मोरिवलीच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. सगळी उमर भट्टीपुढे गेलेली. उन्हाळा त्यांना नोकरीतच बारा महिने मिळायचा, म्हणूनच की काय, थंडीवर त्यांचा भारी जीव. दिवाळीच्या चकल्या डब्यात शिल्लक असतानाच ते अंगणात उभे राहून नाक वर करून हवा हुंगायला लागत. शालनबाई आतून म्हणत, "या आत. पाहुणी आहे, यायची तेव्हा येईल. टेशनावर आणायला जायला नको."

हा नाद मुळात त्यांना शिमल्यानं लावला. सत्त्याऐंशी साली कारखान्याच्या प्रवास सवलतीत दोघं तिकडे गेले होते. गावाच्या वर एका डोंगरउतारावर पायांना फळ्या बांधून माणसं बर्फावरून घसरत होती. सगळे पर्यटक ती घसरगुंडी बघत होते, शालनबाई लोकरवाल्याकडे बघत होत्या आणि भीमराव बघत होते तिसरंच काहीतरी. उताराच्या पायथ्याशी लांब कोटातला एक बुवा उभा होता. त्यानं वर ढगांकडे पाहिलं, दोरीला बांधलेल्या चिंध्या कुठल्या बाजूला उडतायत ते पाहिलं आणि खडूनं काळ्या फळ्यावर दोनच शब्द लिहिले, 'कल : भरपूर'. फळ्यापुढे मोठमोठे साहेब टोप्या सावरून उभे राहिले, माना डोलावून निघून गेले. आणि दुसऱ्या दिवशी बर्फ खरंच भरपूर पडला. भीमरावांच्या अंगावर काटा आला. तो काही थंडीचा नव्हता.

येताना शालनबाईंनी लोकर आणली आणि भीमरावांनी ती फळ्याची कल्पना. डोंगर म्हणाल तर मलंगगड समोर उभा आहे. बर्फ तेवढा गोळेवाल्याकडे. पण थंडी तर पडतेच ना? त्यांनी एक फळी रंगवली आणि घराच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला टांगली. रोज संध्याकाळी त्यावर उद्याची थंडी लिहायची. त्यांच्याकडे थंडीचे तीनच दर्जे होते. 'नाही', 'बरी' आणि 'भरपूर'.

चिंध्यांच्या जागी त्यांना कारखान्याची चिमणी होती. बॉयलरवाल्याला धूर वाचता येतो, जसा मास्तराला मुलाचा चेहरा वाचता येतो. धूर सरळ वर गेला की काही नाही. तो खाली बसून बदलापूरच्या अंगाला वाकला की समजायचं, वरचा, उत्तरेचा वारा सुटला. त्या दिवशी गावभर कारखान्यांचा उग्र वास पसरे. दुसऱ्या गावात लोक नाकाला पदर लावून शिव्या देतील, इथे बायका म्हणत, "वास आला हो, गोधड्या काढा."

अंदाज बहुतेक बरोबर यायचे, कारण भीमराव बहुतेक 'बरी' लिहायचे. 'बरी' हा शब्दच असा सोयीचा, की त्यात उकडलं तरी बसतं. तीन हिवाळे गेले, पण 'भरपूर' लिहायची त्यांची छाती झाली नाही. इकडे शालनबाईंनी शिमल्याच्या लोकरीचा स्वेटर विणून ठेवला होता. गळा असा उंच, की मान आत गेली की बाहेर यायला वाट विचारावी. तो डांबराच्या गोळ्यांसोबत ट्रंकेत पडून होता. "तुम्ही ज्या दिवशी भरपूर लिहाल आणि ती पडेल, त्या दिवशी घाला," असा त्यांचा कायदा होता. कायद्याला दुसरं कलमही होतं. भरपूर लिहिलं आणि पडली नाही, तर फळा बंबात.

आणि नव्वद-एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका शनिवारी, चिमणीचा धूर असा काही आडवा झाला की जणू कुणी गादी घातली. भीमराव पाळी सुटल्यावर जवळजवळ पळतच घरी आले. फळ्यावर पहिल्यांदाच उमटलं, 'उद्या : भरपूर'.

गावात एकच धांदल उडाली. सोनिवलीहून दूध घालायला येणाऱ्या कोंडाजीनं किटल्या खाली ठेवून फळा दोनदा वाचून घेतला आणि गुरांच्या पाठीवर गोणपाट टाकायला परत फिरला. हिवाळ्यात टेम्पोतून स्वेटर विकणाऱ्या उल्हासनगरच्या तेजूमलनं सगळा माल भरून आणायचं ठरवलं. पोराटोरांनी माकडटोप्या घालूनच झोपायचा हट्ट धरला.

रविवार उजाडला तो छान कोवळा. मग कोवळ्याचा चांगला कडक झाला. स्वेटर घालून फळ्याखाली जमलेली आळी घामानं निथळायला लागली. कुणीतरी घरात जाऊन पंखा लावला. भीमराव आभाळाकडे असे बघत होते, जसं लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या वाटेकडे वधूपिता बघतो.

"काय रं भीमराव," कोंडाजी म्हणाला, "तुज्या थंडीची गारी कल्यानलाच खोलंबली काय? मंग तिला सांग, आता सोनिवलीला नको येऊ. माज्या म्हशी गोनपाटात घामानं उकरून निंगाल्या."

तेजूमल तर टेम्पोच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसला होता. "साईं, मी तुमच्या बोर्डाच्या भरोशावर आलो," तो एवढंच म्हणाला. रागावून नाही, दुखावून. तेच जास्त लागलं.

भीमरावांनी स्वतःच्या हातानं फळा खांबावरून उतरवला आणि बंबाशेजारी लाकडांत उभा केला. जिवंत माणसाला सरणाजवळ बसवावं तसं त्यांना झालं. गावाला तोंड कसं दाखवायचं, म्हणून त्यांनी दुसऱ्या एकाची रात्रपाळी मागून घेतली आणि दिवस मावळायच्या आत मोरिवली गाठली. जाताना चिमणीकडे मान वर करून पाहिलंही नाही. तिच्याशी अबोला होता.

बॉयलरघरात काय, नेहमीचा वैशाख. बनियनवर रात्र सरली. सकाळी सुटायची वेळ झाली तरी बदलीचा माणूस येईना. आधीच डोकं तापलेलं, त्यात हा उशीर. भीमराव मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, तेवढ्यात गेटवरून निरोप आला की मंडळी आलीत.

फायरमनच्या हाती भट्टी सोपवून ते घाम पुसत बाहेर पडले आणि दारातच थबकले. तोंडातून वाफ निघाली. त्यांना आधी वाटलं, कुठेतरी स्टीम लीक होतेय. त्यांनी पुन्हा फुंकर मारून पाहिली. ते स्वतःच लीक होत होते.

गेटबाहेर तेजूमलचा टेम्पो उभा होता. रिकामा. रात्री तो बदलापुरातच एका ओळखीच्याकडे राहिला होता आणि उजाडता उजाडता लोकांनी त्याला झोपेतून उठवून माल नेला होता. आता आणखी आणायला उल्हासनगरला निघाला होता. त्याच्या शेजारून शालनबाई उतरल्या. डोक्यावरून शाल, शालीवरून टॉवेल, दात कडकड वाजतायत आणि काखेत ट्रंकेतला स्वेटर.

"एक दिवस उशिरा आली," भीमराव पुटपुटले.

"शिमल्याहून यायची म्हणजे एक दिवस लागणारच," शालनबाई म्हणाल्या. मग जरा खाली बघत म्हणाल्या, "एक चुकलं माझं. फळा गेला."

"गेला म्हणजे?"

"बंबात. जाळायचा नव्हता हो मला. पण पहाटे पाणी तापेचना. होती ती लाकडं संपली, बाहेरची दवानं ओली. शेवटी डोळे मिटले आणि घातला."

शालनबाईंना वाटलं, आता हा माणूस खाली बसणार. पण भीमरावांचा चेहरा असा उजळला, की गेटवरचा वॉचमनही वाकून बघायला लागला.

"पाणी तापेना? सगळी लाकडं घालून?"

"हो ना."

"मग फळा घातल्यावर तापलं?"

"तेही कोमटच."

"कोमट," भीमराव म्हणाले आणि तेजूमलकडे वळले. "ऐकलंस? अख्खा फळा जळला तरी कोमट. ह्याला म्हणतात भरपूर."

तेजूमल म्हणाला, नवीन फळा तो देणार, रंगवून, वर टांगायला साखळीसकट. फक्त पुढच्या वेळी 'भरपूर' लिहायच्या आधी साईंनी त्याला एकट्याला कानात सांगावं. शालनबाईंनी एव्हाना स्वेटर उलगडला होता. भट्टीच्या घामानं भिजलेल्या बनियनवरच त्यांनी तो नवऱ्याच्या डोक्यातून खाली ओढला. मान आत गेली, ती बाहेर यायला अंमळ वेळ लागला. आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास फार उग्र होता, असं ते पुढे सांगत.

बदलीचा माणूस पुढे बऱ्याच वेळानं आला आणि गोधडीतून निघवेना म्हणून उशीर झाला असं कबूल करून बसला. भीमरावांनी त्याला शिवी द्यायचं सोडून मिठी मारली. तो येईपर्यंत ते पुन्हा आत जाऊन धगधगत्या बॉयलरपुढे तो स्वेटर घालून उभे होते. फायरमन दोनतीनदा म्हणाला, दादा, काढा, भाजून निघाल. भीमरावांनी गळा आणखी वर ओढला.

"नको रे," ते म्हणाले, "बाहेर गारठा आहे."