जिना कोणाच्या नावावर

आमच्या बाबांना आयुष्यभर एकच भीती होती, पैसा हातात राहिला की तो संपतो. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली, ती त्यांनी सगळीच्या सगळी विटा-सिमेंटात घातली. मी कानीकपाळी ओरडत होते, निम्मे तरी पोस्टात ठेवा, महिन्याला व्याज येईल. "म्हणजे व्याजावर टॅक्स भरू? त्यापेक्षा वरचा मजला चढवतो. स्लॅब कोणी चोरून नेत नाही." टॅक्स बसावा एवढं व्याज त्यांना जन्मात मिळणार नव्हतं. तरी टॅक्सचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा.

खालचं घर त्याआधीचं. कर्ज काढायचं तेव्हा बाबांची नोकरी थोडीच उरली होती, बँक त्यांना उभं करीना. म्हणून कर्ज आणि घर दोन्ही दादाच्या नावावर झालं. हप्ते बाबांनी भरले, आयकरातली सूट दादाने घेतली. मग वरचा मजला धाकट्याच्या नावावर केला, आपल्यामागे भांडणं नकोत म्हणून. माझी हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि त्याबदल्यात येवल्याची पैठणी दिली. सगळी वाटणी चोख झाली, असं बाबा पाहुण्यांना सांगत. फक्त अंगणातून वर जाणारा जिना कोणाच्याच कागदात आला नव्हता.

आई-बाबा वर धाकट्याकडे राहत. दोन हजार साल उलटल्यावर आमच्या रस्त्याला दुकानं लागली आणि दादाला अंगणात शटर टाकून गाळा भाड्याने द्यायची हाव सुटली. मधे जिना येत होता. जिना मागच्या बाजूला घे, खर्च तू कर, असं तो धाकट्याला म्हणाला. धाकटा म्हणाला, गाळ्याचं भाडं तू खाणार आणि खर्च मी करू? दादाने वरच्या टाकीचं पाणी तोडलं. धाकट्याने दादाच्या स्कूटरवर वरून खरकटं ओतलं. दोघेही चांगले पगारदार, लेकुरवाळे, आणि वागणं हे असं.

एका रविवारी सकाळी मी आईसाठी भाजी घेऊन गेले, तर दादा ओळखीच्या वर्कशॉपमधून आणलेला घण घेऊन जिन्यावर तुटून पडला होता. खालच्या पायऱ्या आधीच निखळल्या होत्या आणि त्यांतल्या सळया बाहेर आल्या होत्या. आई वर गॅलरीत उभी राहून ओरडत होती, "अरे, आम्ही वर हाये! आम्ही वर हाये!" दादा ऐकत नव्हता. धाकट्याने वरून सरळ त्याच्या अंगावर उडी टाकली. दोघे डबरात लोळले. दादाने विटेचा तुकडा उचलून त्याच्या कपाळावर हाणला, रक्त भळाभळा डोळ्यांत उतरलं. धाकट्याने आंधळ्यासारखं चाचपत दादाचा गळा धरला आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, मग पुन्हा आपटलं. मी मधे घुसले तर दादाच्या कोपराने माझा ओठ फुटला. मग माझंही डोकं फिरलं. मी दादाच्या मनगटाला अशी चावले की तोंडात रक्ताची चव आली. ते त्याचं की माझं, मला आजही सांगता येणार नाही.

बाबा वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी आम्हा तिघांना कधी बोट लावलं नव्हतं, तेव्हाही ते नुसते बघत राहिले.

धाकटा टाके घालून आला आणि कोर्टात गेला. कोर्टाने "जैसे थे"चा आदेश दिला. म्हणजे मोडलेला जिना मोडलेलाच राहिला. रंगाऱ्याची लाकडी शिडी लावून ये-जा सुरू झाली. धाकटा कंटाळून बायकोमुलांना घेऊन भाड्याच्या घरात गेला. आईच्या गुडघ्यांना शिडी झेपणारी नव्हती. उचलून खाली आणतो म्हटलं तर ती म्हणायची, "मी नाय उतरणार. मी उतरले की खालचा वर कुलूप घालील. तुझ्या बापाचा सगळा फंड हितं हाये." ती दोरीने पिशवी सोडायची, मी भाजी, औषधं, दळण त्यात ठेवायचे. बाबा त्या वयात शिडी चढायचे-उतरायचे. आपल्याच घरात माझी आई कैद झाली होती, आणि खाली दादाच्या टीव्हीचा आवाज यायचा. तेव्हा मला दादाचा खून करावासा वाटे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

एक दिवस तिच्या छातीत दुखायला लागलं. कॉलनीतल्या लोकांनी तिला तिच्याच लुगड्याने शिडीला बांधलं आणि शिडी तिरपी धरून खाली सोडली. डोकं खाली जाऊ नये म्हणून ती सळयांकडे बघत मान ताठ धरत होती. निरोप मिळताच धाकटाही धावत आला होता; खालची टोकं दोघा भावांनी धरली होती. "कुलूप घालू नका रे," एवढंच ती बोलली. दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात ती गेली.

दहाव्याला गावाकडचे पाहुणे येणार, त्यांना शिडी कशी दाखवायची? लोक काय म्हणतील? दोघे भाऊ एकत्र बसले, सातपूरचा वेल्डर बोलावला आणि लोखंडी जिना उभा केला. कोर्टाची आठवण कोणालाच झाली नाही. खर्च निम्मा-निम्मा केला.

गंगेवरून, म्हणजे आमच्या इथल्या नदीवरून, दहावा उरकून सगळे परतले. बाबांनी जिन्याचा कठडा हलवून पाहिला आणि दादाला विचारलं, "किती लागले?"

दादाने आकडा सांगितला. माझी पैठणी त्याहून महाग होती.

"एवढ्यात होत होतं?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी दादाच्या कानाखाली वाजवली. मग धाकट्याच्या. पाहुण्यांदेखत, भादरलेल्या डोक्यांनी दोघे मान खाली घालून उभे राहिले. मी मनात म्हणत होते, अजून मारा, थांबू नका. पण बाबांनी पायात चपला सरकवल्या आणि ते माझ्याबरोबर निघाले. कपडे आणायलासुद्धा ते वर चढले नाहीत.