बहिणीचा पहिला घास

पोलिसाच्या नोकरीत तपासलेले मोठे गुन्हे विसरलो, पण देवरी तालुक्यातली एक तक्रार अजून मनातून जात नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. माझ्या ठाण्यात बाजाराच्या दिवशी तिशीतला एक माणूस हमखास येई. तक्रार ठरलेली. "साहेब, माही बहीण मले जेवणातून जहर देऊन राहिली." भिंतीतून आवाज येतात, तेच हे सांगतात, असंही म्हणे. ठाणे अंमलदार त्याच्यापुढे चहा ठेवून त्याला वाटेला लावी. तो चहाही तसाच राहतो, हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग गावच्या पोलीस पाटलांनी खबर दिली. "हाडं दिसून राहिले जी त्याचे. घरचं अन्न शिवत नाही. असाच राहिला तर मरते तो."

बीट हवालदाराला घेऊन मी त्याच्या गावी गेलो. आईबाप नव्हते. मोठी बहीण धानाची शेती करून भावाला सांभाळत होती. अंगणात केळ्यांच्या साली आणि उकडलेल्या अंड्यांची टरफलं पडली होती. म्हणजे गडी अगदीच उपाशी नव्हता, ज्यात कोणाला काही कालवता येत नाही तेवढंच खात होता. गाव ज्याला वेडा म्हणे, त्याचा हा हिशेब मला पटला.

बहिणीला ओसरीवर बसवलं. आवाज चढवला नाही. खेड्यातल्या बाईला दरडावलं की ती गप्प होते आणि जबाब तिथंच संपतो.

"बाई, जेवणात काय टाकता?"

"जहर कायले टाकू जी? लेकरावानी वाढवला त्याले."

"जहर विचारलं नाही. काय टाकता?"

तिने पदर तोंडाला लावला. "जडी हाये. झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्यानं देल्ली. आवाज बंद होते म्हणे. पण त्याले समजलं तर गुण येत नाही, म्हून भातात लपवून टाकत होती."

एकदा ती चिमूट टाकताना भावाने पाहिलं होतं. त्याच्या संशयाला तिच्या मायेनेच पुरावा मिळवून दिला.

मी भावाला बोलावून म्हणालो, "तुझी तक्रार निम्मी खरी आहे." त्याचं ऐकलं जाईल, असं त्याला वाटलंच नव्हतं. जडी मुद्देमाल म्हणून जप्त करायची सोडून मी चुलीत टाकायला लावली. बहिणीने त्याच्यासमोर भात रांधला, ताट वाढलं आणि पहिला घास स्वतः खाल्ला. बराच वेळ तिच्याकडे बघून त्याने ताटात हात घातला. माझे डोळे भरून आले, म्हणून मी उगाच हवालदाराशी बोलायला लागलो.

पुढे ती त्याला गोंदियाला सरकारी डॉक्टरांकडे घेऊन गेली. वाटेत तो बसमधून उतरू पाहत होता, तिने हात सोडला नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, आणि गोळी लपवून न देता त्याच्या तळहातावर ठेवायला सांगितली.

माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या भावंडांनी मंडईला जेवायला बोलावलं. दिवाळीनंतर गावोगावी भरणारी ही जत्रा, घरोघरी पाहुणे असतात.

"आवाज येतात का रे?" मी भावाला विचारलं.

"येते कधी कधी. पण आता त्याहीचं आयकत नाही मी."

बहिणीने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि सवयीने त्यातलाच पहिला घास उचलून स्वतःच्या तोंडात घातला. मग तिने जीभ चावली.

भाऊ खो खो हसला. "बाई, साहेबाचा तरी भरोसा हाये ना तुयावर!"

जन्मभर मी लोकांकडून खरं काढून घेत आलो. आपल्या माणसाचा विश्वास असा काढून घेता येत नाही, त्याच्यासमोर बसून रोज घास खावा लागतो, हे मला त्या बाईने शिकवलं. ते उष्टं ताट मी चाटूनपुसून संपवलं.